डोळा बांधताना

रुपरावचा हात अजून चुकत नाही.
जंबेरीच्या खुंटावर वीतभर उंचीला
आधी आडवी चीर, मग उभी,
नखानं साल उचलायची, ओली हिरवी फट दिसली
की संत्र्याच्या काडीवरून सोललेला डोळा
आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी.
दिवसाला आठशे डोळे.
शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांत नाव आहे त्याचं,
शंभरात चार डोळे वाळले तर वाळले.

पण बांधावरून ऊन उतरलं की चाकू मिटतो.
मग तो माझा खांदा शोधतो.
बापावर गेला, म्हणतात लोक.
उकंडराव रात्री दोरी धरून विहिरीवर जायचा,
दोरी त्यानं स्वतःच बांधली होती, दिवसा.
बकऱ्याचं काळीज खाऊन झालं,
शेवग्याचा पाला खाऊन झाला, अंगारेही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
एक लांबच लांब ओळ लिहिली
आणि पेनानं मधलं मधलं खोडत गेल्या.
पेशीत मूळ पोथीचा उतारा निघतो, म्हणाल्या,
त्यात बिनकामाच्या ओळी फार,
त्या कापायच्या, टोकाला टोक जुळवायचं,
तेव्हा कुठं तो वाचण्याजोगा होतो.
हे काम करणारी टोळी असते.
टोळीतल्या एका गड्याचं नाव पीआरपीएफ एकतीस.
त्याला घडवायची कृती ज्या पानावर आहे
ते एक पान तुमच्या घराण्यात फाटलेलं आलंय.

"सीआरपीएफ?" रुपराव म्हणाला,
"माह्या डोयात कायले आली वं ते?"
बाई हसल्या नाहीत. मी हसले, मग मलाच कसंसं झालं.

वरूडच्या बसमध्ये, मोर्शी गेल्यावर, तो एकदम बोलला:
"मंग तं थो आपल्याच धंद्यातला.
काप अन् जोड."
आणि थोड्या वेळानं,
"त्याले शिकवाले कोणी नव्हतं काय?"

हा गडी नखात राबतो, काळजात राबतो,
रुपरावच्या त्या न चुकणाऱ्या अंगठ्यात राबतो.
निम्म्या गड्यांवर सगळ्या अंगाचं भागतं,
डोळ्याचं नाही.
डोळ्याचा पडदा रोज आपला दहावा हिस्सा गाळतो
आणि रोज तेवढा नवा घडवतो.
इतकी कलमं कोण बांधणार रोज?

महिन्यानं माझा रिपोर्ट आला.
तेच पान. माझ्यातही फाटलेलं.
मी तर लाईट गेल्यावर सुईत दोरा ओवते.
बाई म्हणाल्या, कुंदाताई,
आईकडून आलेलं तुमचं दुसरं पान जोरात वाचलं जातं,
भावाचं हळू.

आईकडे दोन्ही होती.
गुळाचा खडा दातानं तोडून
बोटांवर तोलून सारखा वाटणारी बाई ती,
हे मात्र तिनं न बघता दिलं.
मी सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.
निवडून झाल्यावर विचारलं,
"माह्याकडं आता काही उरलं नाही काय त्याच्यासाठी?"

हिमांशू नऊ वर्षांचा आहे.
माझं फाटकं पान त्याला मिळालं असेल, नसेल.
नवऱ्याचं जोरात वाचलं जातं की हळू
ते कुणी तपासलं नाही. बोलतो तर मोठ्यानं.

आज लाईट गेली. कंदील हाताशी होता,
मी लावला नाही.
म्हटलं, बाबू, ओट्यावरचा मामाचा चाकू आण जरा.
रुपराव बाजेवर उठून बसला. त्याला कळलं.
काही म्हणाला नाही.
आम्ही दोघं पावलं ऐकत राहिलो,
उंबरा,
रांजणाची कड,
मग तीन पावलं,

मग पोरगा थांबला.
मांजर आडवी आली तरी थांबतो तो.